भाचीचा फॉर्म भरताना

पांढरकवड्यात बसस्टँडजवळ माझं सेवा केंद्र आहे. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, पीकविमा, जातीचा दाखला, दिवसभर हेच चालतं. बारावीची परीक्षा जवळ आली की पोरांची रांग लागते. कोणाला नीट, कोणाला सीईटी, कोणाला नर्सिंग, कोणाला पोलीस भरती. दारातून आत येणाऱ्या पोराकडे पाहूनच मी कोणती वेबसाइट उघडायची ते ठरवते. चौदा वर्षं झाली या कामाला. एवढ्या वर्षांत "भाषा शिकायची आहे, कुठे जाऊ?" असं विचारणारी एकच मुलगी आली आणि ती माझ्या सख्ख्या भावाची मुलगी निघाली.

"आत्या, मले परदेशी भाषा शिकायची हाये. आनं देशादेशांत काय चालते ते समजून घ्यायचं हाये. असं कॉलेज असते का?"

असतं, एवढंच मला माहीत होतं. कुठे, कसं, कोणाला मिळतं, यातलं काही माहीत नव्हतं. हजारो फॉर्म भरले, पण घरच्या पोरीला उत्तर देता आलं नाही, हे मला लागलं. पुढचे पाच महिने मी त्याच्याच मागे होते. जे कळलं ते इथे लिहून ठेवते आहे, कारण आमच्या भागात अशी आणखी पोरं नक्की असणार आणि त्यांना विचारायला कोणी नसणार.

आधी भाचीबद्दल. आमचं गाव तेलंगणाच्या सीमेजवळ. पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद. घरात वऱ्हाडी बोलायची, शाळेत पुस्तकातली मराठी, बाजारात हिंदी, जिनिंगवर तेलुगू, बाजूच्या तांड्यावर बंजाऱ्यांची गोरमाटी आणि पलीकडच्या पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, कोलामी. आम्ही सगळेच यात वाढलो, पण आम्हाला कामापुरते चार शब्द येतात. या पोरीच्या कानात मात्र ते शब्द टिकतात. तिच्यासोबत एस.टी.नं शाळेत जाणाऱ्या दोन कोलाम मुली होत्या. त्यांच्याशी बोलता बोलता ती कोलामी शिकली.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. पोडावरची एक म्हातारी केंद्रात आली. निराधारचे पैसे तीन महिन्यांपासून जमा होत नव्हते. मी विचारत होते, "आजी, बँकेचं पासबुक आणलं का? पासबुक?" आजी मान खाली घालून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. मला वाटलं तिला ऐकू येत नाही, म्हणून मी आवाज चढवला. भाची मागे झेरॉक्स काढत होती. ती आली, आजीच्या बाजूला खाली फरशीवर बसली आणि हळू आवाजात कोलामीत काहीतरी बोलली. आजीनं मान वर केली. मग दोघी पाच-सहा मिनिटं बोलल्या. पासबुक पावसात भिजून लगदा झालं होतं. ते आपल्याच चुकीनं झालं, आता साहेब रागावतील, म्हणून चारचौघांत सांगायची लाज वाटत होती. आजीला ऐकू चांगलं येत होतं. तिला माझा आवाज नको होता. दुसऱ्या दिवशी बँकेत नवीन पासबुकाचा अर्ज दिला, पुढच्या महिन्यात पैसे आले.

हे मी एवढं सविस्तर सांगते, कारण नंतर बऱ्याच शहाण्या लोकांनी मला ऐकवलं की आता मोबाइलच भाषांतर करून देतो, भाषा शिकून काय मिळणार. त्या दिवशी मोबाइल माझ्या हातातच होता.

आंतरराष्ट्रीय राजकारणाचं वेड तिला लागलं ते कापसामुळे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क काढलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आमचा कापूस घरात येण्याच्या ऐन वेळी. त्याच ऑगस्टच्या शेवटी अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं. माझ्या केंद्रात तेव्हा हमीभावानं कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, सीसीआयच्या, 'कपास किसान' ॲपवर नोंदणीसाठी शेतकऱ्यांची गर्दी होती. लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये, पण व्यापारी त्याच्या बराच खाली मागत होते. भाची नोंदणीला मदत करत होती आणि रांगेतल्या प्रत्येकाचं बोलणं ऐकत होती. रात्री जेवताना तिनं विचारलं, "आत्या, तिकडं कोन्या देशात ठरते आनं भाव आपल्या बाबाचा पडते, हे कसं?"

मला सांगता आलं नाही. तिनं स्वतःच शोधलं. काही दिवसांनी वही घेऊन आली आणि म्हणाली, आपल्यासारखेच कापूसवाले आफ्रिकेत आहेत. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली. २००३ मध्ये या चार गरीब देशांनी जागतिक व्यापार संघटनेत मागणी मांडली की अमेरिकेसारखे श्रीमंत देश आपल्या कापूसवाल्यांना अनुदान देतात, त्यानं जगभरात भाव पडतात आणि आमचा शेतकरी मरतो, तेव्हा हे अनुदान बंद करा. बुर्किना फासोनं २००८ पासून बीटी कापूस लावला, पण धागा आखूड निघायला लागला, व्यापारात मार बसला, म्हणून काही वर्षांनी सोडून दिला. आपल्याकडे बीटी २००२ मध्ये आला. हे सगळं वाचून दाखवताना तिचा आवाज कापत होता. शेवटी म्हणाली, "आत्या, या चारही देशांत फ्रेंच चालते. मले फ्रेंच आलं तर मी त्या शेतकऱ्यांचं बोलनं डायरेक्ट वाचीन."

मला तिचं उत्तर तिथेच मिळालं. तिला अजून मिळायचं होतं.

कारण मधे आम्ही नागपूरला गेलो. तिथल्या एका मार्गदर्शन केंद्राचं नाव कोणीतरी सुचवलं होतं. गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक, त्यावर वेगवेगळ्या देशांचे झेंडे. 'आंतरराष्ट्रीय संबंध' या नावाची पदवी, खासगी विद्यापीठ, शुल्क तीन वर्षांचं मिळून माझ्या भावाच्या आठ एकरांतून दहा वर्षांत निघणार नाही एवढं. मी फक्त एक विचारलं, "परदेशी भाषा किती तास शिकवतात?" समोरच्या मुलानं पानं उलटली. आठवड्याला दोन तास, तेही ऐच्छिक. आणि वर म्हणाला, "मॅडम, हा कोर्स केला की थेट राजदूत." भाचीचे डोळे चमकले आणि त्याच क्षणी मला भीती वाटली. पोरीला जे खरोखर हवं आहे तेच नाव वापरून तिला फसवलं जात होतं. तपासणीचे म्हणून घेतलेले दीड हजार रुपये परत मिळाले नाहीत.

परतीच्या गाडीत मी तिला जे बोलले तेच आजही माझं मत आहे. भारतीय परराष्ट्र सेवेत जायचा रस्ता यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतून जातो. त्याला कोणतीही पदवी चालते. पांढरकवड्यातल्या कॉलेजातली बी.ए. सुद्धा चालते. वय एकवीस पूर्ण लागतं. परीक्षा मराठीतून लिहिता येते, मुलाखत मराठीतून देता येते, आणि राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध हा वैकल्पिक विषय घेता येतो. निवड झाल्यावर सरकारच एक परदेशी भाषा ठरवून देतं आणि शिकवतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुल लाट गावचे ज्ञानेश्वर मुळे १९८३ मध्ये या सेवेत गेले. पहिली नेमणूक जपानला झाली आणि ते जपानी शिकले. तेव्हा राजदूत बनवायचा कोर्स म्हणून कोणी पैसे मागत असेल तर दारातूनच परत फिरावं.

मग पदवी कशाची घ्यायची? माझं म्हणणं आहे, भाषेची घ्यावी. भाषेला वेळ लागतो, रोजचा लागतो, आणि अठराव्या वर्षी जीभ जशी वळते तशी पंचविसाव्या वर्षी वळत नाही. देशांचं राजकारण एम.ए.ला शिकता येतं, घरी वाचता येतं, वर्तमानपत्रातून रोज समजतं. पण फ्रेंच घरी बसून येत नाही. चूक झाली की तिथल्या तिथे थांबवणारा शिक्षक लागतो, सोबत चुकणारे वीस जण लागतात. म्हणून कॉलेज बघताना मी नाव शेवटी बघते. आधी बघते की भाषा शून्यापासून शिकवतात की आधी येत असावी अशी अट आहे. मग, ती मुख्य विषय आहे की जोडीला. मग वसतिगृह. आमच्या मुलींसाठी वसतिगृह नसेल तर पुढचं सगळं बोलणं व्यर्थ आहे.

सगळ्यात वर माझ्या यादीत हैदराबाद आलं, आणि हे मला स्वतःलाही अनपेक्षित होतं. इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठ, लोक त्याला इफ्लू म्हणतात. १९५८ मध्ये इंग्रजीची केंद्रीय संस्था म्हणून सुरू झालं, २००७ मध्ये केंद्रीय विद्यापीठ झालं. तारनाक्याला, उस्मानिया विद्यापीठाला लागून आहे. फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, रशियन, अरबी, जपानी अशा भाषांत तिथे बी.ए. ऑनर्स होते. विद्यापीठच भाषेचं, त्यामुळे भाषा तिथे कोपऱ्यात पडलेली नसते. आणि दुसरं, ज्या रस्त्याच्या कडेला आमचं गाव, त्याच ४४ नंबरच्या महामार्गावर खाली हैदराबाद. पोरीला तेलुगू कळते, रिक्षावाल्याशी बोलता येतं. पुण्याहून ते जवळ पडतं. आमच्याकडे मोठं शिक्षण म्हणजे पुणे असं डोक्यात बसलेलं आहे, पण नकाशा उघडून पाहिला तर आमच्यासाठी हैदराबाद शेजार आहे.

दुसरं दिल्लीचं जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, म्हणजे जेएनयू. तिथल्या भाषा विभागात फ्रेंच, स्पॅनिश, जर्मन, रशियन, चिनी, जपानी, कोरियन, अरबी, फारसी अशा भाषांची बी.ए. आहे. त्याच आवारात आंतरराष्ट्रीय अध्ययनाचा विभाग आहे. १९५५ मध्ये स्वतंत्र संस्था म्हणून निघाला, १९७० मध्ये जेएनयूत आला. तो पुढे एम.ए.ला घेता येतो. म्हणजे भाचीला जे दोन्ही हवं ते एकाच ठिकाणी, एकामागून एक. शुल्क आमच्यासारख्यांना परवडणारं. मला विचाराल तर शिक्षणाच्या दृष्टीनं हेच सगळ्यात चांगलं. पण घरातली माणसं 'दिल्ली' म्हटलं की गप्प होतात, त्याबद्दल खाली सांगते.

दिल्ली विद्यापीठातही फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि इटालियनची ऑनर्स पदवी आहे. वसतिगृह मिळणं तिथे अवघड, म्हणून आम्ही ते तिसरं ठेवलं.

वर्ध्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण ते आपलं आहे आणि आपल्यालाच माहीत नाही. १९७५ मध्ये नागपूरला पहिलं विश्व हिंदी संमेलन झालं, त्यात वर्ध्याला आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठ हवं अशी मागणी झाली. ते १९९७ मध्ये उभं राहिलं. महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठ, केंद्रीय. परदेशातली मुलं तिथे हिंदी शिकायला येतात आणि आपल्या मुलांना चिनी, जपानी, स्पॅनिश, फ्रेंच शिकायची सोय आहे. आम्ही दोघी एका शनिवारी एस.टी.नं गेलो. टेकडीवरचं आवार, उन्हात पांढरे पडलेले रस्ते. चहाच्या टपरीवर एक परदेशी मुलगी चहावाल्याशी हिंदीत बोलत होती, "भैया, चीनी कम" म्हणाली आणि मग आपलं बरोबर आलं का म्हणून त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. त्यानं मान हलवली तशी खुदकन हसली. भाची माझ्या कानात म्हणाली, "आत्या, मी तिकडं गेली तर अशीच दिसन." आपल्याकडचा कोणी मुलगा किंवा मुलगी घरापासून लांब जाऊ शकत नसेल, तर वर्ध्याचा विचार केल्याशिवाय भाषेचा नाद सोडू नये एवढं कळकळीनं सांगते.

पुण्याला फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूट आहे, विद्यापीठाचा परदेशी भाषा विभाग. तिथे जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी, स्पॅनिशचे प्रमाणपत्र आणि पदविका वर्ग चालतात. पुण्यातच राज्यशास्त्रात बी.ए. करत जोडीला भाषा शिकणाऱ्यांना ते फार सोयीचं. जर्मनसाठी मॅक्सम्युलर भवन आहे. मात्र खोली, मेस आणि दोन ठिकाणचं शुल्क एवढं पेलत असेल तरच.

आता दादा. माझा भाऊ वाईट माणूस नाही. त्यानं पोरीला कधी शेतात ओढलं नाही. पण ज्या दिवशी मी यादी त्याच्यासमोर ठेवली त्या दिवशी त्यानं ती उलटी ठेवली.

"बी.ए.च कराची तं इथं काऊन नाई? आपल्याकडच्या पोरी नर्सिंग करते, दोन वर्सांत कमावते. हे फ्रेंच कोनाले लागते?"

वहिनी काही बोलली नाही, तव्यावरची भाकर तेवढी करपली. भाची उठून आत गेली आणि वही घेऊन आली. दादाच्या शेजारी बसून त्याला मालीचं वाचून दाखवायला लागली. तिथे बाई-माणसं कापूस वेचतात, बैलांनी नांगरतात, सरकारनं ठरवलेल्या भावाची वाट बघतात. दादा ऐकत होता. त्यानं विचारलं, "त्याईच्याकडं पाऊस किती पडते?" ती म्हणाली, "आपल्याहून कमी, बाबा." मग बराच वेळ कोणी बोललं नाही. शेवटी दादानं यादी सुलटी केली आणि बोट ठेवून विचारलं, "हे हैदराबाद कोन्तं? आपन बैल आनाले गेलो होतो त्या रस्त्यावरचं?" दिल्लीवर त्याचं बोट गेलं नाही. मीही त्या रात्री रेटलं नाही.

फॉर्मबद्दल, कारण हे माझं काम आहे आणि इथे चुका फार होतात. या केंद्रीय विद्यापीठांत बी.ए.चा प्रवेश सीयूईटी या देशभराच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतो. २०२२ पासून ही परीक्षा आहे. जास्तीत जास्त पाच विषय घेता येतात, प्रत्येकाला ५० प्रश्न आणि ६० मिनिटं, बरोबर उत्तराला पाच गुण, चुकलं की एक वजा. पेपर तेरा भाषांतून देता येतो आणि त्यात मराठी आहे. मराठी माध्यमाच्या पोरांना हे कोणी सांगत नाही, ती घाबरून इंग्रजीवर टिक करतात. भाचीनं इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र आणि सामान्य चाचणीसाठी मराठी माध्यम घेतलं आणि इंग्रजी हा भाषेचा पेपर वेगळा. कोणत्या पदवीला कोणते पेपर लागतात ते प्रत्येक विद्यापीठाच्या माहितीपत्रकात असतं. ते वाचल्याशिवाय विषय निवडू नका, मागाहून रडून उपयोग होत नाही.

आणि दाखला. आम्ही कुणबी. राज्याचं नॉन-क्रिमिलेअर आमच्याकडे आहेच, पण केंद्रीय विद्यापीठाला ते चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला वेगळा काढावा लागतो आणि तो चालू आर्थिक वर्षातला, म्हणजे १ एप्रिलनंतरचा मागतात. दोन वर्षांपूर्वी माझ्याच केंद्रात एका मुलाची चांगल्या विद्यापीठातली जागा एवढ्याच कागदासाठी गेली होती. त्याच्या बापाचा चेहरा मी विसरलेली नाही. तेव्हापासून हा नमुना मी टेबलाच्या काचेखाली लावून ठेवला आहे.

भाचीचा फॉर्म मी शेवटी रात्री साडेअकराला भरला. दिवसा सर्व्हर चालत नव्हता. नाव, आईचं नाव, दहावीच्या सनदेवर आहे तसंच, एक काना इकडचा तिकडे नको म्हणून तिनं प्रत्येक अक्षर मोठ्यानं वाचलं. परीक्षा केंद्र नागपूर. पैसे भरायच्या आधी मी तिला विचारलं, जेएनयूचं काय करायचं? ती दाराकडे पाहत होती. दादा बाहेर ओट्यावर बसला होता, मला वाटलं झोपला असेल.

"परीक्षा तं एकच हाये ना?" तो बाहेरूनच म्हणाला. "मंग दोन्हीकडं नंबर लागते का ते तरी पाहू."

पावती निघाली. दाखल्याचा अर्ज मी एप्रिल लागला की पहिल्याच दिवशी टाकणार आहे. दादा म्हणतो, परीक्षा झाल्यावर एकदा हैदराबादला जाऊन वसतिगृह स्वतःच्या डोळ्यांनी पाहून येतो, आणि भाचीनं त्याच्यासाठी रस्त्यातली गावं आत्ताच एका कागदावर लिहून ठेवली आहेत, आदिलाबादपासून सुरुवात करून.